सकाळी सहाचा मेल

१

कान्हूकाका सापडला तेव्हा त्याचा फोन कोरडा होता.

त्या दिवशी भाद्रपदातली पुनव होती. दुपारी बाराच्या आधीच धरमतरच्या खाडीचं पाणी खारदेवळीच्या बांधावर चढलं, उघाडीच्या कडेने तीस हात बांध खरवडून घेऊन गेलं आणि निसवायला आलेल्या भातात शिरलं. चारच्या सुमाराला ओहोटीने पाणी उतरलं तेव्हा लोकांना तो दिसला. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत फळ्या टाकून बंद करायचं. बावीस वर्षं हे काम कान्हूकाकाकडे होतं. पाचपैकी तीन फळ्या त्याने टाकल्या होत्या. चौथी त्याच्या अंगाखाली होती.

फोन शर्टाच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला. चालू होता. रेंज होती, बॅटरी अर्ध्याहून जास्त होती. त्यात त्या दिवशीचा एकच मेल होता, सकाळी सहाचा. ‘सर्व ठीक.’

हरेश हा बांध समितीचा चिटणीस. त्याने तो फोन हातात घेतला, सगळ्यांदेखत उघडून पाहिला आणि स्वतःच्या फोनवरून रोह्याला अपेक्षाला फोन लावला.

“तुझं यंत्र झोपलं, बाई,” तो म्हणाला. “मानूस गेला आमचा.”

२

अपेक्षा रोह्याच्या एका कॉलेजात संगणक शिकवायची आणि नदीपलीकडे अष्टमीत राहायची. तिचं माहेर आत, डोंगराच्या अंगाला, भात आणि वालाच्या शेतीचं गाव. खाडीशी तिचा संबंध आला तो भावामुळे. गणेशदादा डोलवीच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटावर होता आणि पेणला खोली घेऊन राहायचा. दोन वर्षांपूर्वी खारदेवळीचा बांध फुटून खांड पडली, तेव्हा तोच समितीला म्हणाला होता, “माझी बहीण पाणी मोजणारं यंत्र करून देईल.”

तिने करून दिलं. उघाडीवरच्या खोपटात एक पेटी. पेटीतलं यंत्र दर पाच मिनिटांनी पाणी मोजायचं. पाणी लाल खुणेला लागलं की तिने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम कान्हूकाका, हरेश आणि आणखी तिघांना मेल पाठवायचा आणि फोन भोंग्यासारखे ओरडायचे. भरतीची वेळ कान्हूकाकाला शिकवायची गरज नव्हती. पण वरून नदीला पूर आला किंवा वारा खाडीकडून आत सुटला की पाणी वेळेआधी येतं आणि जास्त येतं. त्यासाठी यंत्र होतं. शिवाय रोज सकाळी सहाला पाण्याचा आकडा घालून ‘सर्व ठीक’ असा एक मेल जायचा, म्हणजे यंत्र जागं आहे हे कळावं. ‘ठीक’ दिसलं की आकडा कुणी बघत नसे.

पूर्वी उधाणाच्या दिवसांत कान्हूकाका उघाडी सोडून हलत नसे. यंत्र आल्यापासून तो बांधाच्या दुसऱ्या टोकाला खेकड्यांची बिळं बुजवायला जाऊ लागला होता. पुनवेच्या दिवशीही तो तिथेच गेला होता. पाणी तासभर आधी आलं. त्याला ते दिसलं तेव्हा तो उघाडीपासून अर्धा कोस लांब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षा खारदेवळीत उतरली. खोपटं जागेवर नव्हतं. पेटीही नव्हती. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेली माणसं तिला पाहून बोलायची थांबली.

आत भूमिका होती. दाखले काढून देण्याच्या संगणकावर ती बसायची आणि यंत्राचं मेलचं खातं याच संगणकावर उघडायचे. अपेक्षाने पासवर्ड टाकला. तो चुकीचा निघाला. तिने पुन्हा, एकेक अक्षर बघत टाकला.

“बदललाय कुणीतरी,” ती म्हणाली.

भूमिकाने संगणकाच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. “हाच आहे ना? मी तर हाच वापरते.”

चिठ्ठीवर जुनाच पासवर्ड होता. यंत्र का गप्प बसलं ते अपेक्षाला त्याच क्षणी कळलं.

३

“यंत्र झोपलं नव्हतं,” तिने हरेशला सांगितलं. “ते मेल पाठवायला गेलं असणार. त्याला दारातून हाकललं.”

“कोणी?”

“मेलवाल्या कंपनीने. ती आता माणसाच्या पासवर्डवर यंत्राला आत घेत नाही, चोर समजते. यंत्रासाठी वेगळी किल्ली काढावी लागते, सोळा अक्षरांची. ती मी काढून यंत्रात घातली होती. पण खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की ती किल्ली तिथल्या तिथे मरते, हरेशभाऊ. यंत्राला पत्ताही लागत नाही.”

“म्हंजे कुणी तरी मुद्दाम...”

“मुद्दाम की कसं ते माहीत नाही. पण माणसाने बदललाय.”

पासवर्ड चौघांकडे होता. ती स्वतः, हरेश, भूमिका आणि गणेशदादा. खातं परत मिळवण्याचा आकडा हरेशच्या फोनवर आला. तिने नवा पासवर्ड घातला आणि आत गेली. पासवर्ड बदलल्याची सूचना येते तो मेल कुणी तरी पुसून टाकला होता. शेवटचा बदल कधी झाला हे दाखवणाऱ्या ओळीत आता तिच्या स्वतःच्या बदलाची तारीख होती. ती स्वतःवरच चिडली. पुरावा तिनेच पुसला होता.

पण पाठवलेले मेल जागेवर होते. रोजचा सहाचा एक, पुनवेच्या सकाळपर्यंत एकही न चुकता. म्हणजे पुनवेला सहा वाजता किल्ली जिवंत होती. पाणी लाल खुणेला साडेदहाच्या आसपास लागलं असणार. त्या साडेचार तासांत कुणी तरी पासवर्ड बदलला होता.

गणेशदादा त्या दिवशी पहाटेच्या शिफ्टला होता. सहाच्या आधी फाटकावर फोन जमा करायचा, दोनला परत घ्यायचा, हा तिथला नियम. फाटकावरच्या वहीत तशी नोंद होती, तिने फोन करून विचारूनही घेतलं. विचारताना तिला लाज वाटली.

राहिले हरेश आणि भूमिका.

भूमिकाला तिने पंचायतीच्या मागच्या पायरीवर गाठलं. पोरगी हातातला रुमाल पिळत होती.

“पुनवेला सकाळी संगणकावर कोण होतं?”

“मीच.”

“पूर्ण वेळ?”

भूमिकाने दाराकडे बघितलं. “साडेनवाला हरेशदादा आला. मला म्हणाला, जा, चहा घेऊन ये. मी आले तर दार आतून लावलेलं. अर्धा तास मी बाहेरच उभी होते.”

“आत काय करत होता?”

“माझं नाव नको सांगू हां, ताई,” भूमिका म्हणाली. “कान्हूकाका माझा चुलता लागायचा. पण मला याच गावात राहायचंय.”

४

हरेशला गावाच्या खारजमिनीत कोळंबीची तळी करायची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. कान्हूकाकाने चैत्रातल्या सभेत उभं राहून त्याला विरोध केला होता. “भाताच्या शेतात मी खारं पानी येऊ देनार नाय,” असं तो म्हणाला होता. आता ते पाणी आलंच होतं, आणि विरोध करणाराही उरला नव्हता.

अपेक्षाला हे इतकं सरळ वाटलं की तिला बसवेना. रोज कॉलेज संपलं की ती पेणची गाडी पकडायची, परतताना शेवटच्या एसटीत उभी राहायची, घरी जेवताना ताटावरून उठून पुन्हा त्या मेलची यादी बघायची. गावात तिच्यामागे “रोह्याची यंत्रवाली” म्हणून कुजबूज चालू होती, ती तिच्या कानावर पडे.

चौथ्या दिवशी तिने हरेशला विचारलंच. “साडेनऊ ते दहा, दार लावून काय करत होतात?”

हरेशचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. “तू पोलीस हायस काय?”

“नाही. पण पोलिसांना सांगेन.”

“सांग,” तो म्हणाला आणि चालू लागला. दहा पावलांवर थांबला, पण मागे वळला नाही. “कान्हूच्या घरी जाऊन आलीस काय एकदा तरी?”

ती गेली नव्हती. तिची हिंमत झाली नव्हती.

त्या संध्याकाळी ती पेणला गणेशदादाच्या खोलीवर थांबली. तो कॉटवर बसून होता, समोर चहा निवला होता. दाढी वाढलेली.

“हरेशच असणार, दादा,” ती म्हणाली. “उद्या मी सगळ्यांसमोर बोलते.”

“कशाला?” तो एकदम म्हणाला. “कंपनीनेच नियम बदलला असेल. या कंपन्या रोज काही तरी बदलतात. तसं लिहून दे समितीला. कुणाचंच नाव नको.”

“पासवर्ड आपोआप बदलत नाही.”

“तुला सगळंच कळतं,” तो म्हणाला आणि तोंड फिरवून आडवा झाला. तिला वाटलं, दिवसभर राबून आलाय, चिडचिड होणारच.

५

धोंडुबाई, कान्हूकाकाची बायको, ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. आसपासच्या बायका उठून आत गेल्या. अपेक्षाला वाटलं होतं ती शिव्या देईल.

“बस गो,” धोंडुबाई म्हणाली. “तूच काय ती?”

“हो, काकी. मीच यंत्र केलं.”

“लोक म्हनतात तो बेसावध ऱ्हायला. दारूचं नाव घेतात. त्याने जल्मात कधी घेतली नाय.” तिचा आवाज कोरडा होता. “दहाव्याच्या आधी मला नाव पायजे. कुनामुळं गेला ते. मग मी रडेन.”

अपेक्षाने पिशवीतून कागद काढला. यंत्र शेवटपर्यंत बरोबर होतं, हे निदान या बाईला तरी कळावं असं तिला वाटत होतं. “हे बघा, काकी. रोज सकाळी सहाला यंत्राने पाणी किती होतं ते कळवलंय. तुम्हाला वाचून दाखवते. दशमी, दोन मीटर साठ. एकादशी, दोन तीस. बारस, एक नव्वद. तेरस, दोन दहा. चौदस, दोन तीस. पुनव, दोन पन्नास. पुनवेच्या सकाळपर्यंत सगळं...”

“काय म्हनलीस?”

“सगळं ठीक होतं.”

“त्याच्या आधी. पुनवेला सकाळी सहाला किती पानी?”

“दोन मीटर पन्नास.”

धोंडुबाई सरळ बसली. “आनि बारशीला?”

“एक नव्वद.”

“बारशीपेक्षा पुनवेला जास्त? सकाळी सहाला?” तिने मान हलवली. “नाय. कागद खोटा हाय तुझा.”

“उधाण होतं ना, काकी. उधाण जवळ आलं की पाणी वाढतच...”

“भरतीला वाढतं! सहाला कुठली गो भरती?” धोंडुबाईने जमिनीवर बोटाने रेघ ओढली. “भरती रोज पाऊन तास पुढं सरकते. दशमीला सकाळी आठला पूर्न भरती, म्हंजे सहाला पानी चढत आलेलं. पुनवेची भरती दुपारी बाराला. मग सहाला काय? सुकती. उघाडीचा तळ दिसतो, आमी तिथं कालवं काढतो. पुनवेपर्यंत सहाचं पानी रोज कमीच होत जायला पायजे. तुझं बारशीपर्यंत कमी होत आलं. मग उलटं कसं चढलं?”

अपेक्षा कागदाकडे बघत राहिली. दोन साठ, दोन तीस, एक नव्वद. मग दोन दहा, दोन तीस, दोन पन्नास. शेवटचे तीन आकडे एकसारखे वीस-वीसने वाढत होते. इतके दिवस ते तिच्या डोळ्यांसमोर होते. तीही भाताच्या गावची, उधाण म्हणजे पाणी वाढणार एवढंच तिला ठाऊक.

“हे कुणी तरी मनाने लिव्हलंय,” धोंडुबाई म्हणाली. “आनि लिव्हनारा खाडीचा नाय. हितलं शेंबडं पोरगंसुदीक असं लिव्हनार नाय.”

अपेक्षाने तिथेच, ओसरीवर बसून फोनवर खातं उघडलं. प्रत्येक मेलच्या पोटात तो कुठून निघाला याच्या ओळी असतात. रोज वेळेवर येणाऱ्या मेलच्या त्या ओळी कोण उघडून बघतो? तिने बघितल्या. बारशीच्या मेलमध्ये तिच्या यंत्राचं नाव होतं. तेरशीच्या मेलमध्ये नव्हतं. चौदशीच्याही नाही, पुनवेच्याही नाही. ते तिन्ही कुणी तरी हाताने लिहून, सहाची वेळ लावून आदल्या रात्रीच ठेवून दिले होते.

म्हणजे किल्ली पुनवेला मेली नव्हती. ती बारशीलाच मेली होती. ज्याने ते मेल लिहिले त्याला हे माहीत होतं आणि ते लपवायचं होतं. पुनवेच्या सकाळी कोण कुठे होतं याला आता काहीच अर्थ नव्हता. हरेशचा लावलेला दरवाजा, भूमिकाचा चहा, फाटकावरची वही, सगळं निकामी झालं.

हरेश खाडीत पोहायला शिकलेला. भूमिका कान्हूकाकाची पुतणी. पासवर्ड चौघांकडे होता, आणि त्यातले दोघंच डोंगराकडचे होते.

“काय झालं गो?” धोंडुबाईने विचारलं. “कळलं काय नाव?”

अपेक्षाने कागद घडी करून पिशवीत ठेवला. “मला एक दिवस द्या,” ती कशीबशी म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीजवळ उभी होती. शिफ्ट सुटली. हेल्मेट हातात घेऊन माणसं बाहेर आली, त्यात गणेशदादाही आला. तिला पाहून त्याचे पाय मंदावले.

तिने कागद त्याच्या हातात दिला. शेवटच्या तीन आकड्यांखाली रेघ मारलेली होती.

“सहाला ओहोटी असते, दादा,” ती म्हणाली. “पुनवेला.”

त्याने त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मागून ट्रक जात होते, धूळ उडत होती. मग तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला.

“बारशीला दुपारी फोनवर सूचना आली,” तो म्हणाला. “तुमच्या खात्यात कुणी तरी शिरतंय, ताबडतोब पासवर्ड बदला. लाल अक्षरात. मी घाबरलो, बदलला. वाटलं, चांगलं केलं. रात्री तुझं ते सोळा अक्षरांचं आठवलं.”

“मला फोन का नाही केलास?”

“करणार होतो.”

“मग?”

“तूच सांगितलं होतंस, ‘दादा, खात्याला हात लावू नकोस, काही झालं तर मला विचार.’ आणि मी गावात सगळ्यांना सांगत फिरायचो, यंत्र मी सांभाळतो. कान्हूकाका मला इंजिनिअरसाहेब म्हणायचा.” त्याने कपाळ पुसलं. “मी म्हटलं, आपणच नवी किल्ली काढू. काढायला गेलो तर कंपनी देईना. म्हणे आत्ताच पासवर्ड बदललाय, काही दिवस थांबा. जुन्या पासवर्डने पाठवून बघितलं, नव्याने बघितलं. दर वेळी नकार. दोन रात्री तेच करत होतो.”

“आणि मेल?”

“सहाचा मेल आला नाही तर कान्हूकाका विचारेल, म्हणून. दोन-तीन दिवसांचा प्रश्न होता, अपे. तेरस-चौदसला पाणी खुणेच्या खालीच राहिलं. पुनवेला मी रजा टाकली होती, उघाडीवर जाऊन बसणार होतो. आदल्या रात्री मुकादमाने कळवलं, रजा नाही, माणूस कमी आहे.” तो थांबला. “दोनला फोन हातात आला तेव्हा सतरा मिस्ड कॉल होते.”

अपेक्षाला त्याला मारावंसं वाटलं, आणि लहानपणी ताप आल्यावर तो तिला पाठीवर घेऊन चार मैल रोह्याच्या डॉक्टरकडे गेला होता तेही त्याच वेळी आठवलं.

“तू रजा मिळत नाही म्हटल्यावर तरी फोन करू शकला असतास,” ती म्हणाली. “रात्री. मला नाही तर हरेशभाऊला. एवढंच सांगायचं होतं, यंत्र बंद आहे.”

“हो.”

“पुनवेचा मेल तू त्यानंतर लावलास.”

त्याने मान वर केली नाही. “हो.”

ती वळून चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर मागून त्याने विचारलं, “तू सांगणार?”

“तू सांगणार,” ती म्हणाली. “उद्या सकाळी. मी बरोबर येईन, पण बोलणार नाही.”

७

भांगाचे दिवस होते. पाण्याला जोर नव्हता, म्हणून अमावास्येच्या आत खांड बुजवायला सगळं गाव बांधावर होतं. माणसांची रांग लागली होती आणि चिखलाची ढेकळं हातोहात पुढे सरकत होती. धोंडुबाईही आली होती. बायका तिला बसायला सांगत होत्या, ती ऐकत नव्हती.

गणेशदादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि बोलला. काहीही गाळलं नाही. सूचना, पासवर्ड, किल्ली, तीन मेल. रांग थांबली. ढेकळं ज्याच्या त्याच्या हातात राहिली.

हरेश पुढे झाला, त्याची मूठ वळली होती. धोंडुबाईने हात आडवा केला.

“यंत्र बंद पडलं,” ती गणेशला म्हणाली. “व्हय ना?”

“हो, काकी.”

“पडूंदे. बावीस वर्सं त्याच्याकडं यंत्र कुठं होतं? तू नुसतं म्हनाला असतास, कान्हूदादा, यंत्र बंद हाय, तर तो उघाडीवर बसला असता. भाकर तिथंच मागवली असती.” तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “तू त्याला ठीक हाय म्हनून सांगितलंस.”

गणेश खाली बसला. धोंडुबाई त्याच्याकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि मग ती रडली. मोठ्याने, छाती बडवून, सहा दिवसांचं सगळं. बायकांनी तिला धरलं.

हरेशने गणेशला उठवलं. “चल. पेणला ठाण्यात जबाब द्यायला लागंल.” मग अपेक्षासमोर येऊन, नजर चुकवत म्हणाला, “तळ्यांचा अर्ज छापत होतो मी त्या दिवशी. गावाला न विचारता. ते मी सभेत सांगीन. पण मला खुनी ठरवायच्या आधी...” आणि वाक्य अर्धंच टाकून गणेशला घेऊन निघाला. दोघं बांधावरून लांब जाताना दिसत होते. गणेशदादाने एकदाही मागे पाहिलं नाही.

अपेक्षा एकटीच उभी राहिली. जावं की थांबावं ते तिला कळेना. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. काही वेळाने धोंडुबाईने पदराने तोंड पुसलं आणि तिच्याजवळ आली.

“भाऊ तुझा?”

“सख्खा.”

“परवा ओसरीवरच कळलं तुला. मी बघितलं तुझं तोंड.” ती अपेक्षाला न्याहाळत होती. “हरेशच्या माथी मारलं असतंस तर खपलं असतं. मलाबी तोच वाटत व्हता. गप का नाय बसलीस?”

“तुम्ही नाव मागितलं होतं,” अपेक्षा म्हणाली.

“आता घरी काय सांगशील? आईला?”

“माहीत नाही, काकी.”

धोंडुबाईने खांडीकडे बघितलं. रांग पुन्हा हलू लागली होती, पण हरेश गेल्याने मधे एक जागा रिकामी पडली होती. एका बाजूला भूमिका दोन्ही हातांत ढेकूळ धरून पुढच्या माणसापर्यंत पोहोचायला ताणली जात होती, आणि चिखल तिच्या कोपरांवरून गळत होता.

“आठ-नऊ दिवसांनी अमुशा हाय,” धोंडुबाई म्हणाली. “पानी थांबनार नाय. चपला काढ, उतर तिथं.”

अपेक्षाने चपला काढल्या, साडीचा काचा मारला आणि गुडघाभर गाळात उतरली. भूमिकाने तिच्याकडे न बघता ढेकूळ पुढे केलं. ते वाटलं होतं त्याहून जड होतं.